‘पुट अस अप’ आणि माडीवर गेलेल्या बॅगा

‘मॅडम, दोनशे फ्रेझल व्हर्ब्ज पाठ केली, पण तोंड उघडलं की सगळ्याची खिचडी होते.’ फ्रेझल व्हर्ब्ज म्हणजे ‘पुट अप’सारखी इंग्रजी क्रियापदं, छोटा शब्द जोडला की ज्यांचा अर्थ बदलतो. मराठी माध्यमातून शिकलेली मुलं माझ्याकडे हे गाऱ्हाणं नेहमी घेऊन येतात. त्यातली ही एक, ओळख बदलून सांगते.

तारकर्लीच्या बाजूला तिच्या घरचा होमस्टे आहे. बारावी झालेली मुलगी, पाहुणे आले की खोलीत दडून बसायची. आई म्हणाली, ‘माका काय कळना नाय.’ मुलगी दुसऱ्या भेटीत बोलली. दिवाळीच्या सुट्टीत एका पाहुण्याने विचारलं होतं, ‘कॅन यू पुट अस अप फॉर वन मोअर नाइट?’ म्हणजे आणखी एक रात्र राहायला जागा द्याल का? हिने ‘अप’ ऐकलं आणि त्यांच्या बॅगा माडीवर नेऊन ठेवल्या. सगळे हसले. तेव्हापासून वही भरत गेली आणि तोंड मिटलं.

मी वही बाजूला ठेवली. विचारलं, ‘आई म्हणते, मी विसरून गेले. कुठे गेली ती? बाबा चावी हरवून बसले, ते कशावर बसले?’ पहिल्यांदाच खुदकन हसली. आपल्या ‘जाणे’, ‘बसणे’, ‘टाकणे’चा मूळ अर्थ असाच विरघळतो. इंग्रजीत ते काम ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ असे छोटे शब्द करतात. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक. तंतोतंत सारखं नाही, पण तिची भीती उतरायला तेवढं पुरलं.

तिच्या वहीत ‘पुट’खाली पुट ऑफ, पुट आउट, पुट अप अशी रांग होती. अशा याद्यांवर माझा राग आहे. सारखे दिसणारे शब्द शेजारी बसवले की ते गोंधळणारच. आम्ही घरातली सहा कामं घेतली. गॅस संपला की ‘वी हॅव रन आउट ऑफ गॅस’. पंप बंद करायचा तर ‘टर्न ऑफ द पंप’ किंवा ‘टर्न द पंप ऑफ’, दोन्ही चालतं. पण ‘इट’ आलं की ते मध्येच, ‘टर्न इट ऑफ’. ‘लुक आफ्टर’ (सांभाळणे) मात्र तुटत नाही, ‘लुक आफ्टर इट’च. वाक्यं पडवीत मोठ्याने म्हणायची, आईसमोर. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून ती टोकत नाही, हा फायदाच! तीच वाक्यं दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने.

व्याकरणातली एकच चूक धरली: ‘आय डिड नॉट वेंट’. आपण ‘गेले नाही’ म्हणतो, भूतकाळ ‘गेले’तच असतो, म्हणून हात आपोआप ‘वेंट’कडे जातो. इंग्रजीत तो ‘डिड’ने आधीच उचललेला असतो, पुढे साधं ‘गो’.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, मागे कुणीतरी पाहुणे बोलत होते. ती त्यांना म्हणाली, ‘प्लीज टर्न ऑफ इट.’ क्षणभर थांबली, ‘इट मध्ये’ असं पुटपुटली, आणि पुढे बोलत राहिली.