लिनक्सवर बांधलेली झिप विंडोजवर उघडली की काही फाइलींची नावं बदलतात, काही निघतच नाहीत. असं का होतं?

सगळे झिपला नावं ठेवतात. फाइलचं नाव कोणी ठेवलं होतं, ते कोणी विचारत नाही.

लिनक्सला नावात तिरकी रेघ सोडली तर जवळपास काहीही चालतं. विंडोजला कोलन, प्रश्नचिन्ह, तारा, उभी रेघ, दुहेरी अवतरण यांतलं काहीच चालत नाही. 'मुलाखत 10:30' असं नाव असेल तर झिप उघडणारा सेव्हन-झिप हा प्रोग्रॅम कोलनच्या जागी अंडरस्कोर टाकून मोकळा होतो. दोन नावांत फरक नुसता कॅपिटल-स्मॉलचा असेल तर विंडोजच्या लेखी ती एकच फाइल, दुसरी पहिलीच्या डोक्यावर बसते. एवढं तुम्हाला माहीत असेलच.

मी लिहायला बसलोय ते 'ऱ'साठी.

आमच्याकडे मुलाखतींच्या नोंदींचं जुनं बाड होतं, अर्धं जुन्या मॅकवर, अर्धं विंडोजवर. मी सगळं लिनक्सच्या एका डिस्कवर आणलं. एकाच फोल्डरात 'दुसऱ्या फेरीच्या नोंदी' नावाच्या दोन फाइली, शेजारी शेजारी, अक्षर न् अक्षर तेच. सहकारी म्हणाला, "तू दोनदा कॉपी केलंयस," आणि त्याने एक उडवली. उडवली ती नेमकी दुरुस्त्या केलेली. ठपका माझ्यावर.

फाइल गेली, पण कॉपीचा लॉग होता. त्यातली दोन्ही नावं बाइट-बाइट उघडून पाहिली. विंडोजकडून आलेल्या नावात 'ऱ' 3 बाइटचा, मॅकवाल्यात 6 बाइटचा! जुन्या मॅकची फाइल-व्यवस्था (डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) एचएफएस प्लस नाव साठवतानाच 'ऱ' फोडून 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असे दोन तुकडे करायची. लिनक्स बाइट जुळवतं, त्यामुळे त्याला ही सरळ दोन वेगळी नावं.

हे त्याला दाखवलं, तर म्हणतो, "मग मराठीत नावं द्यायचीच कशाला?" अहो, कॅपिटल-स्मॉलचा घोळ रोमन लिपीचा आहे, देवनागरीत तो होऊच शकत नाही. कोलनही मराठीने आणला नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर नावं बांधण्याआधी साफ करा, उघडल्यावर नाही. लिनक्सवर कन्व्हएमव्ही हा फाइलींची नावं बदलणारा प्रोग्रॅम आहे, त्याला एनएफसी पर्याय दिला की फुटलेले 'ऱ' जोडले जातात. नोटेस्ट हा दुसरा पर्याय दिल्याशिवाय तो नुसतं काय बदलेल ते दाखवतो, ते नीट वाचा. झिपऐवजी सेव्हन-झिपचा सेव्हन-झेड हा प्रकार वापरा, त्यात नावं युनिकोडमध्येच राहतात. झिपच्या नियमांत यूटीएफ-8 ची (युनिकोड बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीची) खूण 2006 साली आली आणि ती न लावणारे प्रोग्रॅम देवनागरीचा पार चिवडा करतात.

हो, मॅकच्या बाबतीत एक राहिलं: 2017 पासूनची फाइल-व्यवस्था एपीएफएस नाव दिलं तसंच ठेवते, म्हणजे नव्या मॅकवर रागावू नका. आणि उलट्या दिशेने, विंडोजवरून लिनक्सवर, जाताना नावाची लांबी बघा. लिनक्सच्या ईएक्सटी4 या फाइल-व्यवस्थेवर नावाला 255 बाइट मिळतात, देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइट खातं, म्हणजे काना-मात्रा-हलन्त धरून जेमतेम 85 चिन्हं.

एकसारख्या नावाच्या दोन फाइली दिसल्या तर उडवण्याआधी निदान आकार आणि तारीख बघा. कॉपी करणाऱ्याला नंतर झापता येतं.