वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या, तरी चार्जिंग होत नाही. अल्टरनेटर बदलावा का?

आपण मालवणला राहता, वर्षभरात गाडीच्या दोन बॅटऱ्या झाल्या, तरीही सकाळी सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) नुसता टकटक करतो आणि आता मेकॅनिक नवा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) घालायला सांगत आहे, असे आपण लिहिले आहे. माझे आग्रहाचे सांगणे आहे की तो खर्च करण्यापूर्वी अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणी, तपासा.

रत्नागिरीला मिरकरवाड्याहून मासळीच्या पेट्या नेणारी माझी पिकअप याच कारणाने दोन महिने त्रास देत होती. मीही सांगण्यावरून अल्टरनेटर बदलला आणि आठवड्याभरात गाडी पुन्हा बंद पडली. शेवटी दोष निघाला तो इंजिन आणि चासी जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत. वरून ती धड दिसत होती. पण पेट्यांतून गळणारे खारे पाणी बोल्टाखाली मुरून आतल्या तारा हिरव्या पडल्या होत्या. सेल्फचा आणि चार्जिंगचा करंट याच वाटेने परततो, त्यामुळे एकाच दोषाने सेल्फही मंदावतो आणि बॅटरीही अर्धवट भरते, आणि ठपका मात्र बॅटरीवर येतो.

वीस व्होल्ट डीसीवर लावलेला साधा मल्टीमीटर पुरेसा आहे. इंजिन बंद करून काही तास गेल्यावर भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, तर इंजिन चालू असताना तिच्यावर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. तेवढे मिळत नसतील, तर इंजिन चालू ठेवून हेडलाइट आणि ब्लोअर लावा आणि मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे) व दुसरी अल्टरनेटरच्या उघड्या धातूवर टेकवा; हात आणि वायरी बेल्टपासून दूर असू द्या. येथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर परतीची वाट खराब आहे. बॅटरीची पॉझिटिव्ह खुंटी आणि अल्टरनेटरचा जाड वायरीचा बोल्ट यांच्यामध्येही असेच मोजा.

दोन्ही वाटा चांगल्या आहेत, बेल्ट घट्ट आहे आणि तरी व्होल्टेज कमी आहे, तरच दोष अल्टरनेटरमध्ये शोधावा. तेव्हाही बहुधा त्यातला ब्रश, व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटर किंवा डायोड गेलेला असतो आणि चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन तेवढाच भाग बदलून देतो. उलट १५ व्होल्टच्या वर आकडा गेला, तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि तो बॅटरीचे पाणी आटवत आहे.

चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल काढून चार्जिंग बघण्याची पद्धत अजून अनेक ठिकाणी दिसते. ती कुणालाही करू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळून डायोड आणि गाडीचे इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात.

पट्टी बदलताना बोल्टाखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने खरवडून चकचकीत धातू उघडा करा, घट्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तो सांधा पुन्हा पाहावा. सध्याची बॅटरी लगेच टाकून देऊ नका. बाहेरच्या चार्जरवर ती सावकाश पूर्ण भरून घ्या, कारण बाजारापर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत अल्टरनेटर ती भरून काढू शकत नाही.