मनी घराबाहेर जातच नाही, तरी लस?

प्रश्न : आमची मांजर मनी चार महिन्यांची आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या घराबाहेर ती कधी गेलीच नाही. तरी रेबीजची लस हवी का?

उत्तर : हवीच, ताई. गॅसवाल्यासाठी दार उघडलं तेवढ्यात जिन्यात पळालेली एक मांजर माझ्याकडे आणली होती. कान फाटलेला, मानेवर दातांचे व्रण. कोण चावलं, शेवटपर्यंत कळलं नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की हाती काही उरत नाही, म्हणून या लशीत मी तडजोड करत नाही. इतर लशींबद्दल मात्र डॉक्टरांना जरूर विचारा : ही कशासाठी, किती काळ पुरते? ताप, जुलाब असतील तर त्या दिवशी टोचू नका. टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबा. तोंड सुजलं तर लगेच दाखवा. आणि बाटलीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवून घ्या.