दुभाषी मुलगी

प्रश्न : वर्षभरापूर्वी मिशनरी म्हणून परक्या देशात आले. भाषा अजून तोडकीमोडकी आहे. चर्चच्या मंडळीतल्या एका घरातला कर्ता माणूस अचानक गेला. मी रोज भेटायला जाते. त्यांची दहा वर्षांची मुलगी माझं बोलणं आईला समजावून सांगते. पण माझ्या बोलण्याने आईला धीर येतो असं वाटत नाही. काय चुकतंय?

उत्तर : पोरी, त्या मुलीला दुभाषी करणं आजपासून बंद कर. बाप तिचाही गेलाय.

ही चूक मी केलेली आहे. नवखी होते. एका घरी मी विचारत होते, शेवटी फार त्रास झाला का, काही बोलले का. आणि ते सगळं एक शाळकरी पोरगा आईला विचारत होता. मध्येच तो थांबला. मला वाटलं, शब्द अडला. मी तोच प्रश्न सोपा करून पुन्हा विचारला! आजही आठवलं की मान खाली जाते.

घराबाहेरचं कोणी मोठं माणूस दुभाषी म्हणून मिळालं तर बघ. नाहीतर नुसती बसून राहा. बायबलात ईयोबाची गोष्ट आहे, त्याची मुलंबाळं, संपत्ती सगळं गेलं. त्याचे तीन मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, चकार शब्द बोलले नाहीत. तोवर ठीक होतं. तोंडं उघडली आणि घोटाळा झाला. बेल्जियमचे मिशनरी फादर डेमियन १८७३ साली हवाईतल्या मोलोकाई बेटावरच्या कुष्ठरोग्यांत राहायला गेले, तेव्हा त्यांना हवाईची भाषा चांगली येत होती. तरी त्यांनी शवपेट्या ठोकल्या, कबरी खणल्या.

'काही लागलं तर सांगा' म्हणू नकोस, कोणी सांगत नसतं. 'उद्या धाकट्याला शाळेत सोडू का?', 'कागदपत्रांच्या रांगेत मी उभी राहू का?' अशी चार वाक्यं पाठ कर. त्यांना हो-नाही म्हणता येतं. 'देवाची इच्छा' हे मात्र त्या भाषेत शिकूच नकोस. प्रार्थनाही विचारून कर. मिशनच्या अहवालात किती घरांत बायबलचं वचन सांगितलं याचा रकाना असतो, ठाऊक आहे; राहू दे रिकामा.

महिन्याभराने येणारे-जाणारे कमी होतील. तेव्हा तुझं जाणं चुकवू नकोस. आणि त्या मुलीशी तिच्या वहीबद्दल, चित्रांबद्दल बोल. बापाचा विषय तिने काढला तरच.