रंगाचे डबे आधी परत करा

ताई, तुमच्या जिल्हा परिषद शाळेत पुराचं पाणी शिरलं, येत्या रविवारी पालक मिळून साफसफाई आणि रंगकाम करणार आहेत, आणि नवीन इमारतीसाठी अर्ज कुठे करायचा, असं तुम्ही विचारलंय. अर्जाचं नंतर बघू. रंगाचे डबे आधी परत करा.

आमची शाळा महापालिकेची, नाग नदीला मिळणाऱ्या नाल्याच्या काठावर. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपूरकरांना सांगायला नको. आदल्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण, सगळे उशिरा झोपलेले. चार तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, अन् सकाळी शाळेत कमरेएवढं पाणी. (तलावाच्या सांडव्याजवळच्या पुतळ्याने पाणी अडलं का, हा वाद हायकोर्टात गेला, त्यात मी शिरत नाही. डोकं उठतं.)

मी तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. दुसरीच्या भिंतीवर बाराखडी रंगवलेली होती. 'प'च्या ओळीवर चिखलाची रेघ, खालचं सगळं गाळात. पोट्ट्यांना बरं वाटावं म्हणून आम्ही चार दिवसांत सगळं धुतलं, डिस्टेंपर मारला, फुगलेले बाक भंगारवाल्याला दिले. त्यानंतर साहेब पाहणीला आले. "शाळा तर चकाचक आहे," म्हणाले. पंचनाम्यात आलं 'अंशतः बाधित, किरकोळ दुरुस्ती'. खाली सही माझी. मी चहा सांगण्याच्या गडबडीत होतो, वाचलंच नाही.

एप्रिलमध्ये खालची काळी माती आकसली आणि दोन वर्गांच्या कोपऱ्यांत भेगा पडल्या, पाच रुपयांचं नाणं आत जाईल एवढ्या. मग सुरू झाल्या एका कार्यालयाच्या फेऱ्या. नाव घेत नाही, अजून तिथे काम पडतं. दर वेळी एकच उत्तर: "अंशतः लिहिलंय ना भाऊ, सही तुमचीच आहे." किरकोळ दुरुस्तीची नोंद, म्हणून निर्लेखन, म्हणजे इमारत निकामी ठरवून दप्तरातून कमी करणं, होईना. निर्लेखन नाही, म्हणून पाडता येईना. जुनी उभी असताना नव्या खोल्यांचा प्रस्ताव कोणी हातात घेईना. तोवर वर्ग समाजभवनात. तिथे कोणाचं लग्न निघालं की शाळेला सुट्टी. पाण्याच्या रेघेचा एक फोटो असता तर भांडता आलं असतं. आम्ही फोटो काढले ते झाडू मारणाऱ्या पालकांचे! शेवटी स्ट्रक्चरल ऑडिटच्या अहवालाने फाईल हलली, तोवर दोन पावसाळे गेले होते.

म्हणून सांगतो, गाळ काढा, पण रेघ ठेवा. मोजायचा टेप लावून, तारखेसकट फोटो घ्या. बाक मोडीत काढायचे तर आधी जडसंग्रह नोंदवहीशी (शाळेच्या सामानाची नोंद असते ती) जुळवून यादी करा. पंचनामा वाचल्याशिवाय सही नाही, साहेब कितीही घाईत असू देत. शब्द पटला नाही तर सहीच्या वर तसं लिहा. प्रत देत नसतील तर माहितीच्या अधिकारात मागा, अर्जाला 10 रुपये लागतात. ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, व्हीएनआयटी (नागपूरचं सरकारी इंजिनीअरिंग कॉलेज) किंवा शासकीय पॉलिटेक्निककडून करून घ्या. ओळखीच्या ठेकेदाराचा कागद टेबलावर टिकत नाही, हे माझं मत.

मी इंजिनीअर नाही. तुमची शाळा जिल्हा परिषदेची, म्हणजे टेबलं वेगळी. गटशिक्षणाधिकारी आणि बांधकाम विभागाला विचारूनच पुढे जा.

आणि एक, विषय वेगळा आहे पण राहवत नाही. जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवही, भिजलं असेल तर उन्हात टाकू नका, चिकटलेली पानं ओढू नका. सावलीत पंख्याखाली ठेवा, जी पानं सहज सुटतील त्यांच्यात कोरा कागद घाला, तो दिवसातून दोनदा बदला. इमारत उशिरा का होईना मिळेल, पण त्यातली जन्मतारखेची नोंद गेली तर दाखल्यासाठी तुमच्या गावची माणसं वीस वर्षं फिरतील.

पंचनामा झाला असेल तर त्यात 'अंशतः' आहे की 'पूर्णतः', ते आधी इथे लिहा.