विंड प्रोफायलरच्या खालच्या गेटमध्ये (उंचीच्या थरांत) वारा निम्मा आणि रात्री अचानक जोरदार: माझा अनुभव

तुमच्या विंड प्रोफायलरचा (आकाशात रेडिओलहरी सोडून उंचीनुसार वारा मोजणाऱ्या रडारचा) वारा पहिल्या ५००-६०० मीटरपर्यंत हवामानाच्या बलूनच्या निम्मा येतो आणि रात्री मध्येच एकाच दिशेचा १५ मीटर प्रति सेकंद वारा उगवतो, हे वाचून हसूच आलं. याच दोन गोष्टींनी आमचाही जीव खाल्ला होता. कारणं मात्र दोन आहेत, एका फिल्टरच्या भरवशावर राहू नका.

बीम (रडारचा झोत), गेट वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच. खालचा घोळ जमिनीचा. स्वच्छ हवेतून परतणारा सिग्नल इतका क्षीण, की साइडलोबमधून (मुख्य बीमच्या बाजूला सांडणाऱ्या झोतातून) दिसणारी झाडं आणि विजेच्या तारासुद्धा त्याला झाकून टाकतात. उभ्या रेषेपासून १५ अंश कललेल्या बीममध्ये १० मीटर प्रति सेकंदाचा वारा बीमच्या रेषेत जेमतेम २.६ दिसतो. वारा मंद असला की स्पेक्ट्रममधलं (कोणत्या वेगाचा सिग्नल किती, या आलेखातलं) त्याचं शिखर शून्य वेगाजवळच्या क्लटरलाच (जमिनीवरच्या वस्तूंकडून परतणाऱ्या सिग्नललाच) चिकटतं, आणि शून्याजवळचं सरसकट कापलंत तर वाराही जातो. समोरासमोरच्या दोन बीमचे स्पेक्ट्रम शेजारी ठेवून बघा: वाऱ्याचं शिखर शून्याची बाजू बदलतं, जमिनीचं जागचं हलत नाही. (झाडं डोलत असतील तर ते पसरट होतं.)

रात्रीचा वारा म्हणजे बहुधा स्थलांतर करणारे पक्षी. तुम्ही महिना लिहिलेला नाही, म्हणून 'बहुधा'. अर्ध्या तासाच्या बहुमताची चाळणी (एकमेकांशी जुळणारी बहुतेक मोजमापं तेवढी ठेवणं) इथे फसते, कारण थवेच्या थवे एकाच दिशेला चाललेले असतात आणि बहुमत त्यांचंच होतं. १९९५ मध्ये मेरिट यांनी मांडलेली सांख्यिकी सरासरीची पद्धत बरी: सरासरी काढतानाच अवाजवी जोरदार सिग्नलचे नमुने वगळायचे. पण त्याला सरासरीआधीचे स्पेक्ट्रम लागतात.

आणि इथेच आमचा घात झाला. डेटा सांभाळणाऱ्या कार्यालयाने जागा वाचवायला स्पेक्ट्रम पुसून टाकले, फक्त अर्ध्या तासाचे वारे ठेवले, वर 'तपासणी पूर्ण' असा शेरा. विचारलं तर म्हणे, तुमचा बलूनच भरकटला असेल! अख्खा हंगाम वाया. सरासरीत मिसळलेले पक्षी नंतर कोणी वेगळे काढून देत नाही, कितीही महागडं सॉफ्टवेअर घ्या.

म्हणून आधी डिस्क घ्या, मग अल्गोरिदम. शक्य असेल तर कच्ची टाइम सिरीजही (स्पेक्ट्रम काढण्याआधीची मूळ नोंद) ठेवा, निदान संशयास्पद रात्रींची. अँटेनाभोवती क्लटर कुंपण (बाजूचे सिग्नल अडवणारं) नसेल तर तेही मागा. जागा निवडायची संधी मिळाली तर उंच टेकाड टाळा, तिथून लांबलांबचं सगळं दिसतं.

माझा अनुभव १२९० मेगाहर्ट्झच्या प्रोफायलरचा. तुमचा ५० च्या आसपासचा असेल तर पक्ष्यांचा मुद्दा तितका लागू नाही, तिथे आधी विमानं तपासा. एखाद्या रात्रीचे स्पेक्ट्रम उरले असतील तर चित्र टाका, बघून सांगतो.