बोक्याची नसबंदी करून आठवडा झाला, तरी तो ओरडतो आणि दाराकडे धावतो. ऑपरेशन फसलं का? त्याचा स्वभाव कायमचा बदलेल का?

फसलं नाही. आठवड्यात काय होणार? अंडकोष काढले की टेस्टोस्टेरॉन लवकर उतरतं, पण वागणं त्याच वेगाने उतरत नाही. बऱ्याच बोक्यांत काही आठवडे लागतात, काहींत महिने.

एवढं लिहून मी थांबलो असतो. पण तुम्ही पुढे लिहिलंय की घरचे म्हणतात, 'त्याचं बोकेपण काढून घेतलंत.' हे वाक्य मी आमच्या दादाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता राहवत नाही.

आमचा गुंड्या सहा महिन्यांचा झाला तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, उरकून टाका. मी तारीखही घेतली. त्याच आठवड्यात दादा राहायला आला, गुंड्याला मांडीवर घेऊन म्हणाला, "बिचाऱ्याला एकदा तरी संसार करू दे रे. तुझ्यावर अशी वेळ आली तर?" सगळे हसले. मीही हसलो, आणि दुसऱ्या दिवशी तारीख रद्द केली.

बोका संसार करत नाही हो. भाटी माजावर आल्याचा वास आला की तो खाणंपिणं सोडून निघतो, वाटेत इतर बोक्यांशी फाडाफाडी करतो, आणि पिल्लं होतात तेव्हा तो कुठे असतो ते त्यालाही ठाऊक नसतं. पुढच्या दीड वर्षात गुंड्या दोनदा गालावर गळू घेऊन आला. चाव्याची जखम वरून मिटते आणि आत पू धरते, तसलं. एकदा चार दिवस गायब होता. मांजरांचा एफआयव्ही, म्हणजे त्यांची प्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू, मुख्यतः चाव्यांतूनच पसरतो, त्यामुळे चाचणीचा निकाल येईपर्यंत माझी झोप उडाली होती. शिवाय भिंती. शेपूट ताठ करून, थरथरवत, उभ्याने पिचकारी. ज्याच्या घरी पूर्ण वाढलेला बोका आहे त्याला त्या वासाचं वर्णन नको, आणि ज्याच्या घरी नाही त्याला ते कळणार नाही.

शेवटी दोन वर्षांचा होऊन गेल्यावर ऑपरेशन केलं. संध्याकाळी घरी आणून पिंजरा उघडला, तर ठमी, त्याची सख्खी बहीण, पाठीची कमान करून त्याच्यावर फिस्कारली. जन्मापासून एकमेकांच्या अंगावर झोपणारी दोघं! तो भुलीतून नीट बाहेर आला नव्हता, अडखळत तिच्याकडे गेला तर तिने पंजा मारला. दादाचा फोन आला तेव्हा मी हे बोलून बसलो. तो म्हणाला, "बघ, तिनेसुद्धा ओळखलं नाही. तो आता तो राहिलाच नाही."

खरं सांगतो, त्या रात्री मला ते पटलं होतं. मी त्याच्याशेजारी जमिनीवर झोपलो आणि मनात त्याची माफी मागितली.

कारण अगदी साधं निघालं. मांजरं घरच्या माणसाला आणि मांजराला बऱ्याच अंशी वासावरून ओळखतात. गुंड्याला दवाखान्याचा, औषधांचा, परक्या जनावरांचा वास येत होता, आणि चालही भुलीमुळे वेगळी होती. नखं कापायला नेऊन आणलेल्या मांजराच्या बाबतीतही हे होतं. नसबंदीचा त्यात काही हात नाही. दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवलं, एकाच्या अंथरुणाचं फडकं दुसऱ्याकडे टाकलं, बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांच्या वाट्या मांडल्या. सहाव्या दिवशी ठमी त्याचे कान चाटत होती. हे मी दादाला मुद्दाम फोन करून कळवलं. "बरं," एवढंच म्हणाला.

पुढच्या दोन-अडीच महिन्यांत मारामाऱ्या थांबल्या, रात्रीचं ओरडणं गेलं, मुताचा तो डोळ्यांत जाणारा भपका गेला. (बोक्याच्या लघवीत फेलिनीन नावाचं गंधकयुक्त द्रव्य असतं, ते टेस्टोस्टेरॉनच्या जोरावर भरपूर तयार होतं.) पण दाराशेजारच्या भिंतीवर पिचकारी मारणं पूर्ण सुटलं नाही. वेळेवर नसबंदी केलेल्या बोक्यांतही दहातला साधारण एखादा पुढे फवारे मारतो. इथे तर दीड वर्षाची सवय मुरलेली. ती भिंत मी आजही एन्झाइमवाल्या क्लीनरने धुतो, आणि धुताना कोणाची आठवण काढतो ते सांगायला नको.

दादाचं म्हणणं यावर काय? एका भेटीत, "मग उपयोग काय झाला?" पुढच्या भेटीत, "पार मंद करून टाकलास त्याला." काही फरक पडला नाही आणि सगळंच बदललं, दोन्ही एकाच तोंडाने. मंद झाला कारण जाड झाला. नसबंदीनंतर मांजराची ऊर्जेची गरज साधारण पाव हिश्शाने घटते आणि भूक मात्र काही दिवसांतच वाढते. मी वाटी मोजून भरत होतो. दादा आला की "बघतोय बिचारा" म्हणत वर आणखी घालायचा. वजन उतरवल्यावर गुंड्या पुन्हा पडद्यावर चढायला लागला. खेळणं, शिकार, मांडीवर येणं न येणं, पाहुण्यांना घाबरणं, यातलं काहीही अंडकोषांत साठवलेलं नसतं. बोकेपणाची काळजी मला आजवर फक्त पुरुषांच्याच तोंडून ऐकू आली आहे. भाटीच्या ऑपरेशनला कोणी "तिचं भाटीपण गेलं" म्हणत नाही, तिथे "एकदा पिल्लं होऊ द्या" असतं. त्यानेही तिचं काही भलं होत नाही. उलट पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालं तर पुढे स्तनांच्या कॅन्सरचा धोका खूपच कमी होतो.

तुमचं राहिलंच. दार बंद ठेवा, नुसतं जखम सांभाळायला नाही. नसबंदीनंतरही काही आठवडे बोक्यापासून पिल्लं होऊ शकतात, आधीचं बीज नळीत शिल्लक असतं. वाटी आजपासूनच मोजा. आसपास माजावर आलेली भाटी असेल तर ओरडणं थोडं लांबेल. तीन-चार महिन्यांनीही कणभर फरक नसेल तर डॉक्टरांना एवढंच विचारा की दोन्ही अंडकोष सापडले होते ना. एखादा पोटात राहून गेलेला असू शकतो.

आणि हो, हे खरं तर आधी लिहायला हवं होतं. ओरडतो म्हणजे कधी ओरडतो तेही बघा. कळवळला म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका, मांजराला ती विष आहे. आणि तो लिटर बॉक्समध्ये पुन्हा पुन्हा बसून कुंथत असेल आणि थेंबही येत नसेल, तर तो माजही नाही आणि स्वभावही नाही, मूत्रमार्ग तुंबलाय. तसं असेल तर हे उत्तर वाचत बसू नका, लगेच निघा.